काटा सेहेचाळीसवर थांबला

मित्रांनो, जवळ बसा, पण आधीच सांगते, मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. टेनिसच्या रॅकेटला तार घालणारी, हाताने दांडा फिरवायची मी एक जुनी गटिंगची मशीन आहे. जिंकलेला खेळाडू माझी कधी आठवणही काढत नाही. हरलेला मात्र तडक माझ्यापाशी येतो आणि म्हणतो, "तार नीट बसली नव्हती." बावीस वर्षं हेच ऐकल्यावर कुणाचाही स्वभाव संशयी होईल.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझं काम सोपं दिसतं. चिमट्यांत रॅकेट घट्ट धरायची, तारेचं टोक माझ्या जबड्यात द्यायचं आणि दांडा फिरवायचा. ठरलेला ताण आला की माझ्या पोटातली स्प्रिंग 'खट्' आवाज करून दांडा अडवते. आधी उभ्या तारा, मग त्यांच्या वरून-खालून विणत आडव्या. ताण नेमका असेल तर चेंडू खेळाडूच्या मनाप्रमाणे पडतो. तार ढिली असेल तर तोच चेंडू वीतभर लांब जातो, आणि टेनिसमध्ये वीतभर म्हणजे रेषेच्या बाहेर.

माझे मालक गटिंगवाले काका. व्यावसायिक टेनिसमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूंच्या छोट्या स्पर्धा असतात, तिथे ते मला गाडीच्या डिकीत घालून गावोगाव न्यायचे. या स्पर्धांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंची घरची माणसं आणि कुंपणावरचे कावळे. पण खेळणाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळतो, आणि त्या एका गुणासाठी सतरा-अठरा वर्षांची पोरं वर्षभर फिरतात. काका सगळ्यांना ऐकवायचे, "हिचा 'खट्' म्हणजे पक्का शब्द!" मी मनातल्या मनात फुगून जायची.

वर्षातली शेवटची स्पर्धा होती. दोन महिने तेच खेळाडू आमच्या मागोमाग गावं बदलत होते आणि माझ्याच तारांवर खेळत होते. त्यात एक नवी मुलगी आली. लांब वेणीमुळे सगळे तिला वेणी म्हणू लागले. बरोबर तिची आत्या होती. यंदा गुण मिळाला नाही तर खेळ बंद, असं घरी ठरलं होतं. वेणीने पात्रता फेरी पार केली, पण तिच्या तीनपैकी दोन रॅकेटच्या तारा तुटल्या. काकांनी त्या दोन्ही रॅकेट माझ्यावर बावन्न पौंडांच्या ताणाने ओढल्या आणि रॅकेटच्या मुठीच्या वर तशी चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव करून ती आमच्या तंबूत आली.

"काका, चेंडू लांब जातोय. बावन्न सांगितलं होतं मी."

"बावन्नच आहे. चिठ्ठी वाच."

तिने गावाकडेच ओढून आणलेली तिसरी रॅकेट माझ्यावर ओढलेल्या रॅकेटवर हलकेच आपटली. घरची 'टण्' वाजली, माझी 'ठप्'. काका हसले. "तुमच्या गावच्या गड्याने जास्त ओढली असणार." शेजारी उंच मुलगी उभी होती, जिला सगळे शिडी म्हणत. तिच्याशीच वेणीचा मुख्य फेरीतला सामना होता. ती म्हणाली, "मला तर मस्त वाटतंय. दोन महिने इथेच ओढून घेतेय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मी तर वेणीला पहिल्या क्षणापासून ओळखून होते. सामन्याआधीच बहाणा तयार ठेवणारी पोर! तिच्या आत्याचा तर मला जास्तच संशय आला. ती चष्मा सावरत माझ्या पोटाशी वाकून बघत होती.

"मी पोस्टात पार्सलं तोलते," ती म्हणाली. "आम्ही रोज खिडकी उघडण्याआधी काट्यावर ठरलेलं वजन ठेवून बघतो. तुम्ही हिला शेवटचं कधी तपासलंत?"

काकांच्या कपाळाला आठी पडली. "बावीस वर्षं हिच्यावर काम करतोय, बाई. माझा कान हाच काटा."

मला केवढा आनंद झाला! चांगली जिरवली, असं वाटलं.

वेणीने घरच्या रॅकेटवर पहिला सेट जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये तिची तार तुटली आणि तिला माझी रॅकेट हातात घ्यावी लागली. तंबूतून मैदान दिसत होतं. तिचे चेंडू रेषेबाहेर पडू लागले, थोडेसेच, पण दर वेळी. मग ती घाबरून हळू मारू लागली. तो सेट आणि पुढचाही शिडीने घेतला, आणि सामना जिंकला.

आत्याचा प्रश्न काकांच्या मनातून जात नव्हता. शेवटी त्यांनी तंबूचा पडदा ओढला, अवजारांच्या पेटीच्या तळातून ताण मोजायचा हुकाचा काटा काढला आणि माझ्या जबड्यात अडकवला. माझ्यावर बावन्न लावलं. दांडा फिरवला. मी रुबाबात 'खट्' केलं. काटा सेहेचाळीसवर थांबला.

त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा सेहेचाळीस.

मित्रांनो, डिकीतल्या धक्क्यांनी माझी स्प्रिंग थोडी थोडी ढिली होत गेली होती. रोज इतकी थोडी, की काकांचा कान तिला सरावला आणि खेळाडूंचे हातही सरावले. जी बाहेरून आली, फक्त तिलाच फरक कळला. आणि मी साऱ्या जगावर संशय घेतला, स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला. मला फार लाज वाटली.

काका तसेच उठून वेणीकडे गेले आणि तिला तंबूत घेऊन आले. काटा दाखवून म्हणाले, "पोरी, तू खरं सांगत होतीस."

हरल्यावर न रडलेली ती आता रडली. "मला वाटलं, माझा हातच गेला. मी बाबांना फोन करून सांगितलं, आता मी थांबते."

"लाव फोन परत," काका म्हणाले, आणि स्वतःच बोलले. "तुमच्या मुलीचा हात चोख आहे. चूक माझी होती. मी तपासलं नाही आणि तिचं ऐकलंही नाही."

गेलेला सामना त्याने परत आला नाही. काकांनी माझी स्प्रिंग आवळली, काटा लावून खात्री केली आणि तिच्या तिन्ही रॅकेट पुन्हा ओढून दिल्या. पुढे ती खेळली की नाही, मला कळलं नाही. तेव्हापासून कुणीही मुलगी तंबूत आली की मी तिच्या पाठीवर ती लांब वेणी शोधते.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. एखादं पोर एकटंच म्हणत असेल की काहीतरी बिघडलंय, तर त्याला गप्प करण्याआधी माझ्यासारख्या जुन्या, नावाजलेल्या वस्तूला एकदा तपासा. तपासलेलं मला आवडणार नाही. मला राग येईल. येऊ द्या.