काही करत नाही

"काही करत नाही, या ना आत." कृपादान सरांच्या फाटकाशी हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या पुणतांब्यात सापडायचा नाही. त्या वेळी सॅमसन, त्यांचा दांडगा काळा रॉटवायलर, फाटकावर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा असायचा. सरांच्या मुलाच्या पुण्यातल्या सोसायटीने त्याला ठेवू दिलं नाही, म्हणून तो इथे आला. सरांना तो नातवाच्या जागी होता, आणि नातवाच्या खोड्या कुणाला दिसतात?

गेल्या नाताळात आम्ही चर्चची मंडळी गाणी म्हणत घरोघर फिरत होतो. सरांच्या अंगणात आमच्यातल्या आराधनाने ढोलकी वाजवली आणि सॅमसनने झेप घेऊन तिच्या हाताचा चावा घेतला. टाके पडले. सर तेव्हाही म्हणाले, "ढोलकीला बिचकला हो, एरवी काही करत नाही." मला असा संताप आला की तोंड उघडलं असतं तर सणाचा विचका झाला असता.

यंदा ते घर वगळायचं ठरलं. पण सरांची बायको, आमची सारामावशी, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला चर्चला येता येत नाही. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून तिने विचारलं, "गाणी म्हणायला याल ना गं?" मी मान खाली घालून चहा पीत राहिले. सर दारातच होते. त्यांनी सगळं पाहिलं.

त्याच आठवड्यात घरामागे जाळीची खोली उभी राहिली, तिला कुलूप लागलं. सॅमसन फिरायला निघाला की तोंडाला मुसकं आणि आखूड साखळी. इतकी वर्षं 'काही करत नाही' म्हणणाऱ्या सरांची लोकांनी टिंगल केली. मग एका सकाळी सर आराधनाच्या घरी गेले.

"गाण्यांना या म्हणायला आलो नाही," ते म्हणाले. "तुझा हात माझ्यामुळं दुखावला, एवढं सांगायचं राहिलं होतं."

नंतर आराधना आम्हाला म्हणाली, "जाऊ. मावशीसाठी."

गाण्यांच्या संध्याकाळी सरांच्या फाटकाशी पोचलो आणि आराधना थबकली. घरामागून गुरगुर ऐकू येत होती.

"सर, काही करत न्हाई ना आता?" तिने विचारलं.

उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"करतो," सर म्हणाले. "म्हणून कोंडलाय. ही किल्ली तुझ्यापाशी ठेव. जाताना दे."

तिने किल्ली पदराला बांधली आणि सगळ्यांच्या पुढे आत गेली. ढोलकीवर थाप पडताच मागून सॅमसन भुंकला. आम्ही दचकलो. आराधनाने पदराची गाठ चाचपली आणि वाजवत राहिली. मावशीने डोळे मिटून आमच्या आधी सूर लावला होता.