रूथबाईंची मुलं

नागपूरच्या वैशाखात, दारावरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवता भिजवता सुकून जात आणि रस्त्याचं डांबर चपलेला चिकटे, अशा भर दुपारी रूथबाई लोकरीचे स्वेटर विणत बसत. बसत म्हणणं चूकच. त्या बसत नसतच. कौलारू बंगल्याच्या लांबलचक व्हरांड्यात त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत. काखेत गडद निळ्या लोकरीचा गुंडा, कपाळावर घामाचे थेंब, आणि हातांतल्या सुयांचा तो बारीक, कोरडा आवाज उन्हाच्या निःशब्द पोकळीत एखाद्या चुकार पाखराच्या चोचीसारखा वाजत राही. दूरच्या डोंगरावरल्या थंडीसाठी ही बाई इथल्या उन्हात ऊब विणते आहे, हे आठ वर्षांच्या मला कळत नव्हतं. कुठे टेकलो तर आपल्यातलं काहीतरी तडकेल, अशा भीतीनं ती चालत असावी, एवढं मात्र वाटे.

माझे वडील एका शाळेत मराठी शिकवत आणि संध्याकाळी परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांना आपली भाषा शिकवायला जात. रूथबाई आणि त्यांचे यजमान थॉमससाहेब हे बाबांचे सर्वांत जुने विद्यार्थी. कॅनडातल्या ज्या सपाट प्रदेशात गव्हाची शेतं क्षितिजाला टेकतात आणि वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली निजलेली असतात, तिथून ते दोघं तरुणपणी नागपूरला आले होते. मी त्यांना पाहू लागले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. थॉमससाहेब उंच, किंचित वाकलेले, मंद बोलणारे. औषधांची पेटी आणि धर्मपुस्तकांचा गठ्ठा जीपमध्ये टाकून ते पारशिवनीकडच्या खेड्यांत जात आणि दोन-दोन दिवस परतत नसत; पावसाळ्यात नदीला पूर आला, की तो उतरेपर्यंत काठाशी खोळंबत. बाई इथे राहून सकाळची प्रार्थना, मागच्या ओसरीवरचा छोटा दवाखाना, मोहल्ल्यातल्या बायकांचा शिवणवर्ग आणि रविवारचं देऊळ, म्हणजे चर्च, सांभाळत. देवळात पेटी त्याच वाजवत. पण त्यांच्या बोटांना थांबणं ठाऊक नसल्यामुळे भजन नेहमी पुढे धावे आणि मंडळी धापा टाकत त्याच्या मागून येई.

मराठीचा धडाही त्या चालतच घेत. बाबा वेताच्या खुर्चीत बसून एखादं वाक्य सांगत, बाई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ते घोकत परत येत. दर महिन्या-दोन महिन्यांनी बैठकीतलं सामान जागा बदले. कपाट पूर्वेचं पश्चिमेला जाई, मेज खिडकीशी येई. स्वयंपाक करणाऱ्या मार्थाबाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "बसा न जी बाई जराशा! पायाले भोवरा हाय का तुमच्या?" बाईंनी बाबांकडून "पायाला भोवरा" याचा अर्थ समजून घेतला, खूप हसल्या, आणि हसता हसताच उठून बागेत गेल्या.

या अस्वस्थतेचं मूळ माघाच्या अखेरीस दिसे. त्या काळातल्या बहुतेक मिशनरी कुटुंबांसारखीच यांचीही मुलं डोंगरावरच्या इंग्रजी वसतिशाळेत शिकत. थोरला डेव्हिड आणि मधला पीटर हिवाळ्याच्या सुट्टीत घरी येत, आणि झाडांची पानं गळू लागली, कन्हान नदीपलीकडच्या रानात पळस पेटू लागले, की परत जात. बंगल्यात शिशिर असा दोनदा येई. एकदा झाडांवर, एकदा माणसांवर. गाडी सुटेपर्यंत बाई फलाटावर हसत उभ्या राहत, घरी येऊन मुलांचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायला काढत. मग सुया आणि निळी लोकर सुरू होई. पण मुलं दृष्टीआड वाढत होती. अंदाजानं विणलेली बाही दर वर्षी दोन बोटं तोकडी पडे, आणि हिवाळ्यात घरी आलेल्या डेव्हिडच्या उघड्या मनगटाकडे बाई अशा पाहत, की जणू त्या दोन बोटांच्या जागेत त्यांचं अख्खं वर्ष हरवलं आहे.

धाकटी अमी माझ्याच वयाची. तिचं खरं नाव एमिली. पण मार्थाबाईंच्या चुलीपाशी वाढल्यामुळे ती अमी झाली होती, आणि तिची मराठीही आईच्या मराठीहून निराळी होती. बाई बाबांनी शिकवलेली शुद्ध, घोटीव भाषा बोलत. अमी मात्र पिवळ्या केसांच्या वेण्या हलवत, "चाल वं शैले, चिचा पाडू," म्हणून मला ओढत नेई. चिंचेखालच्या त्या सावलीत आम्हा दोघींना कधी आमच्या रंगांची आठवण झाली नाही. आठव्या वर्षी तिलाही डोंगरावर पाठवायचं ठरलं. हिरव्या रंगाची लोखंडी पेटी आली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव पडलं, आणि त्या आठवड्यात सुयांचा आवाज एकदम बंद झाला. बाई विणायच्या थांबल्या होत्या. पण व्हरांड्यातली पावलं मात्र पहाटेपासून ऐकू येत.

जाण्याच्या दिवशी अमीनं हट्ट धरला म्हणून बाबा मला स्टेशनवर घेऊन गेले. थॉमससाहेब तिन्ही मुलांना पोचवायला निघाले होते. सकाळचं कोवळं, धुरकट ऊन डब्यांवरून ओघळत होतं. अमी खिडकीशी बसली होती, रडत नव्हती, गजांतून हात बाहेर काढून तिनं आईचं बोट धरलं होतं आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "माय, मले नाही जायचं. मी नाही जाऊन राहिली." इंग्रजीत नव्हे, मराठीत; जणू या भाषेत मागितलेलं कुणी नाकारणार नाही अशी तिची खात्री होती. गार्डाची शिटी वाजली. बाईंनी बोट सोडवून घेतलं, आणि पुढच्या क्षणी त्या फलाटावर नव्हत्या. डब्याच्या दारातून आत शिरल्या, आणि गाडीला हिसका बसता बसता अमीला कडेवर घेऊन खाली उतरल्या. एवढी वाढलेली मुलगी, तिचे पाय आईच्या गुडघ्यांवर आपटत होते.

थॉमससाहेब दाराशी आले. दोन मुलगे आत, पत्नी आणि मुलगी बाहेर; त्यांचा हात दांडीवर तसाच राहिला आणि गाडी त्यांना घेऊन गेली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, केवळ अपार गोंधळ होता. त्यांच्यामागे खिडकीच्या गजांशी डेव्हिडचा चेहरा होता. त्यानं हे सगळं पाहिलं होतं. मागे वळून पाहत तो फलाट संपेपर्यंत लहान लहान होत गेला.

हिरवी पेटी गाडीबरोबरच गेली. बाईंचा श्वास फुललेला होता. त्या बाबांकडे वळल्या आणि आपल्या घोटीव मराठीत म्हणाल्या, "गुरुजी, उद्या शाळा किती वाजता भरते?"

अशी अमी आमच्या शाळेत आली. माझ्या जुन्या गणवेशात, माझ्या शेजारच्या पट्टीवर बसून ती पाढे म्हणू लागली. पहिले काही दिवस मुली तिच्या वेण्यांना हात लावून पाहत; मग ती लगोरीत सगळ्यांना हरवू लागली तेव्हा नवल संपलं आणि भांडणं सुरू झाली. दुपारी बाई सायकलवरून तिला न्यायला येत. वाटे, की आता या बाईच्या जिवाला स्वस्थता लाभेल. पण झालं उलटंच. एक मूल जवळ राहिल्यानं दोन मुलं किती दूर आहेत ते त्यांना रोज मोजून कळू लागलं. अमीच्या ताटात वाढताना त्यांचा हात मध्येच थांबे. थॉमससाहेब डोंगरावरून परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीप काढली. त्या वर्षी ते खेड्यांत जास्त दिवस राहू लागले.

हिवाळ्यात मुलगे घरी आले. डेव्हिड तेराचा झाला होता, आवाज फुटू लागला होता. तो जेवणाच्या मेजावर बोलत नसे. बोलावलं तर येई, सांगितलं तर जाई, पाहुण्यासारखा. एका संध्याकाळी मी आणि अमी व्हरांड्याच्या पायरीवर सागरगोटे खेळत होतो. आत बैठकीत डेव्हिडचा आवाज चढला. इंग्रजी मला समजत नव्हतं, पण स्वर समजत होता. उन्हाळ्यात कोरडी फांदी मोडावी तसा तो मध्येच मोडला. मी अमीकडे पाहिलं. ती गोटे हातात धरून ऐकत होती, आणि मग तिनं मला अगदी सरळपणानं अर्थ सांगितला.

"तो मायले इचारून राहिला, का अमीले ठेवलं, मग आमाले काहून नाही ठेवलं."

मग बाईंचा आवाज आला, इतका हळू, की अमीला पायरीवरून उठून दाराशी जावं लागलं. परत येऊन ती म्हणाली, "माय म्हणे, तवा मले हिंमत नव्हती. म्हणे, तुयापासून शिकली मी, पन तुयासाठी उशीर झाला."

मी दारातून आत पाहिलं. बाई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि डेव्हिडनं त्यांच्याकडे पाठ केली होती. त्याची पाठ हलत होती. पीटर कपाटापाशी उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. बऱ्याच वेळानं डेव्हिडनं मागे हात केला, न वळता, आणि बाईंनी तो धरला.

त्या शिशिरात कुणीच गेलं नाही. दोघे मुलगे शहरातल्याच एका शाळेत जाऊ लागले. आणि मग इतर गावांतल्या मिशनरी आयांनीही आपापल्या घरी, मुलांना जवळ का ठेवू नये, असं विचारायला सुरुवात केली. मिशनच्या वरिष्ठांना हे रुचलं नाही. सगळ्यांना जो त्याग करावा लागतो तो या एका घराला का नको, असं त्यांचं म्हणणं. मुलांना डोंगरावर पाठवा, नाहीतर मायदेशी परत या. बाई नाही म्हणाल्या. निर्णय थॉमससाहेबांवर आला. ते आठवडाभर खेड्यांत जाऊन राहिले, आणि परत येऊन आधी आमच्या घरी आले. आईनं दिलेलं पाणी हातात तसंच धरून ते बाबांना म्हणाले, "गुरुजी, याच मातीत जाईन असं ठरवून आलो होतो." मग पेला रिकामा केला आणि निरवानिरव करायला गेले.

पुढच्या वर्षी चैत्राच्या सुरुवातीला ते सगळे कॅनडाला परत गेले. जीप दुसऱ्या कुणाकडे, वेताच्या खुर्च्या मार्थाबाईंकडे. कितीतरी दिवस वर्गात हजेरीला अमीच्या नावापाशी आमच्या वर्गशिक्षिकांचा आवाज अडखळे, आणि मग त्या पुढचं नाव घेत.

त्यानंतर मी रूथबाईंना एकदाच पाहिलं. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी स्वतः शिकवू लागले होते, बाबा थकले होते. हिवाळ्यात त्या एकट्या नागपूरला आल्या, केस पार पांढरे झालेले, मराठी तशीच घोटीव. आमच्या खिडकीशी उभ्या राहून चहा पीत त्यांनी सांगितलं, की मुलं तीन शहरांत आहेत; डेव्हिड सर्वांत लांब, पण सर्वांत जास्त फोन त्याचेच. "जवळ ठेवली तरी गेलीच," त्या म्हणाल्या, "पण घरातून गेली. पाठवलेलं मूल आणि निघालेलं मूल, यांच्या परत येण्यात फरक असतो."

आदल्या वर्षी थॉमससाहेब गेले होते. शेवटच्या आठवड्यात त्यांचं इंग्रजी हरपलं. ते मराठीतच बोलू लागले. डॉक्टरांना कळेना, मुलग्यांना कळेना. बाईंनी शुद्ध मराठीत उत्तरं दिली, पण त्यांना ती पटत नव्हती; ते पुन्हा पुन्हा उठू पाहत आणि विचारत, नदीचा पूर उतरला का, पलीकडे लोक वाट पाहत असतील. बाहेर बर्फ पडत होता. अमी उशाशी बसली होती, जिनं पंधरा वर्षांत मराठीचा शब्द उच्चारला नव्हता. ती एकाएकी ओणवी झाली, वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "उतरून राहिला, बाबा. उद्या जाऊ आपण. झोपा आता."

"आणि ते झोपले," रूथबाई म्हणाल्या.

ती बर्फाळ खोली मी कधी पाहिली नाही. तरी पारशिवनीकडच्या नद्या भरल्याची बातमी आली की मी मनानं त्या खोलीत जाऊन पोचते, आणि वाटतं, काळ माणसांना पैलतीरी नेऊन सोडतो खरा. पण कुणाच्या तरी स्मरणात त्यांचा पूर अजून उतरतोच आहे, आणि पलीकडे लोक वाट पाहत उभे आहेत.