पार्किंगखालचं तांबं

बहिणीच्या ऑपरेशनसाठी बाईंनी आठ दिवस रजा घेतली होती. नवव्या दिवशी त्या कॉलेजच्या खनिज विभागात आल्या, तर दगडाच्या नमुन्यांच्या खोलीत सोफे मांडलेले. भिंतींना ताजा रंग, खिडकीला पडदे, आणि एकशे चाळीस निळ्या ड्रमांपैकी एकही जागेवर नाही.

त्या तडक गिरणीकाकांकडे गेल्या. प्रयोगशाळेतली दगड दळायची चक्की काका सव्वीस वर्षं चालवत होते, म्हणून हे नाव.

"काका, ड्रम कुठायत?"

काका फडक्याने हात पुसतच राहिले. "साहेब म्हणाले, तपासणी समिती येतेय, त्यांना बसायला नीट खोली हवी. ड्रम भंगारवाल्याने नेले."

"आणि आतला दगड?"

"मागे पार्किंग करतायत ना... तिथे भराव कमी पडत होता."

दगड दळून पाण्यात ढवळायचा, रसायन घालून खालून हवा सोडायची, की तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात. तो फेस काढून घ्यायचा. बाईंचं आयुष्य यात गेलं होतं. मुलं पाठीमागे त्यांना 'फेसबाई' म्हणत. हा दगड ज्या खाणीतला, ती केव्हाच बंद होऊन पाण्याने भरली होती. तिच्या तळाच्या दगडात चिकणमाती इतकी, की तांबं फेसाला धरायचंच नाही. बाई अकरा वर्षं वरच्या थरांवर चुकत, शिकत राहिल्या आणि तळाचे एकतीस ड्रम त्यांनी पद्धत जमेपर्यंत सीलबंद ठेवले. पद्धत जमली होती ती मागच्याच महिन्यात.

पार्किंगवर रोलर फिरत होता. बाई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ बाई, बाजूला व्हा!" रोलरवाला ओरडला.

"बंद कर ते."

आवाज असा होता, की त्याने रोलर बंद केला. बाईंनी वाकून मूठभर खडी उचलली. तळाची की वरची? आता कुणालाच सांगता आलं नसतं. दगड खाणीत किती खोलवरचा, ती चिठ्ठी गेली की उरते नुसती खडी. शिवाय हवा-पाणी लागून बिघडलेली.

तेवढ्यात विभागप्रमुख धावत आला. हा त्यांचा पहिला पीएचडीचा विद्यार्थी.

"मॅडम, मी सांगणारच होतो. तीन वर्षांत त्या खोलीतून एकही पेपर नाही. समितीला काय दाखवू?"

"तुझी पीएचडी या दगडावर झाली. हा बघ, तुझ्या बुटाखाली आहे."

"चिडू नका ना."

"चिडू नको? तुला फोन करता आला नाही?"

"तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता, म्हटलं कशाला त्रास..."

बाईंची कानशिलं तापली. हात उचलला जाईल म्हणून त्यांनी तो पदरात गुंडाळून धरला.

दुपारी तो एक फॉर्म घेऊन आला. 'नमुने चाचण्यांमध्ये संपले' असं छापून आणलं होतं. "फक्त सही करा मॅडम. म्हणजे कुणाला काही विचारायला नको."

बाईंनी ते वाक्य खोडलं, खाली लिहिलं, 'नमुने पार्किंगच्या भरावात टाकले. मला विचारलं नाही.' सही केली आणि समिती आल्यावर कागद स्वतः तिच्या हातात नेऊन दिला. समितीतल्या एकाने तो दोनदा वाचला, खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं आणि फाइलमध्ये ठेवून दिला. विभागाला वरची श्रेणी मिळाली. बाईंची प्रयोगशाळा काढून घेतली आणि पहिल्या वर्षाचे तास दिले.

"आता सोड ना," बहीण म्हणाली.

"नाही सोडत."

त्यांनी अर्धवट काम तसंच लिहून काढलं आणि ते का थांबलं, हेही एका वाक्यात. शोधपत्रिकेच्या संपादकाने कळवलं, 'नमुने उपलब्ध नाहीत' एवढं पुरे. बाईंनी नकार दिला. दोनदा पत्रं आली-गेली. शेवटी वाक्य छापलं: तळाचे नमुने विभागप्रमुखांच्या आदेशाने नष्ट झाले.

अंक आला त्या दिवशी विभागप्रमुख त्यांच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"मॅडम, एवढं करायची गरज होती?"

बाई पहिल्या वर्षाच्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"होती," त्या म्हणाल्या. "जाताना दार लाव."