दस्त्याखालची कडी

सन एकतीसच्या कार्तिकात खुशालराव देशमुखांच्या तीन एकनळी बंदुका अमरावतीत, राजापेठेत, चंद्रभानच्या दुकानी आल्या. चंद्रभाननं पोलीस लाइनीत बारा वर्षं हत्यारांची निगा राखली होती, मग स्वतःचं दुकान घातलं होतं. बंदूक कुठल्याही बनावटीची असो, हातात घेतली की तिचं दुखणं त्याला कळायचं. पण या तिघींनी त्याला अडवलं.

बंदुका जुन्या होत्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. प्रत्येकीच्या लाकडी दस्त्याला, खालच्या बाजूनं, चापाच्या मागे चार बोटांवर लोखंडाची एक कडी ठोकलेली होती. ही कारखान्यातली नव्हे, मागाहून कोणीतरी बसवलेली.

"ह्या कड्या कायच्या?" त्यानं विचारलं.

देशमुखांचे कारभारी वामनराव पान लावत बसले होते. "पट्ट्याच्या."

"पट्ट्याले दोन कड्या लागतात. समोर नळीले तर काहीच नाही."

"तुले दुरुस्तीले देल्या का पंचाईतीले?" वामनराव उठले. "घोडे अडकून राहिले, ते मोकळे कर. अन चाप हलका कर. बोट लागलं का सुटली पाह्यजे."

चंद्रभाननं घोडे मोकळे केले, चाप असे हलके केले की फुंकरीनं सुटतील. त्या कामाचा त्याला अभिमानही वाटला. पण कडी डोक्यातून जाईना. जेवताना ताटाच्या बाजूला एक बंदूक आडवी ठेवून तो बघत बसायचा.

"भाकर थंडी होऊन राहिली," बायको मनकर्णा म्हणायची, "अन तुमी त्या कडीचं तोंड पाहून राहिले."

पाचव्या दिवशी त्यानं कडी उजेडात धरली. आतून ती एकाच अंगानं घासून चकचकीत झाली होती आणि फटीत अंबाडीचा एक धागा अडकला होता. त्यानं बंदूक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, चापाला सुतळी बांधली, ती मागे कडीतून ओवून पुन्हा पुढे आणली आणि नळीच्या तोंडापाशी उभा राहून हळूच ओढली. घोडा खाडकन पडला.

चालवायला माणूस न लागणारी बंदूक! खुंटीला बांधायची, सुतळी वाटेवर आडवी ताणायची. जो अडखळेल त्याच्याच अंगावर सुटेल. चंद्रभान खूश झाला. "डुकरासाठी हाये," त्यानं मनकर्णाला सांगितलं. "ज्वारीत घुसतात ना रानडुकरं."

मनकर्णाचा चेहरा मात्र उतरला. तिची बहीण भातकुलीपलीकडे, देशमुखांच्या शेजारच्या गावात दिली होती. "मागच्या वेचणीत त्यायच्या वावरात दोन बाया लंगड्या झाल्या. बोंडात राहिलेला कापूस ओटीत घ्याले गेल्या होत्या. देशमुख म्हणते, डुकरानं फाडल्या. डुकराच्या दाताचे का छर्रे निघतात मांडीतून? माह्या बहिणीनं सोता पाह्यले."

त्या रात्री चंद्रभानला झोप आली नाही. बंदुका परत कराव्यात तर वामनराव कारण विचारणार. पोलिसांत जावं तर खुशालराव स्वतः मानद मॅजिस्ट्रेट, फौजदार त्यांच्याकडे हुरडा खायला जाणारा. सकाळी त्यानं कानस घेतली. काडतुसावर आपटणारी खीळ तिन्ही बंदुकांतून काढून टोकाला जवाच्या दाण्याभर झिजवली आणि परत बसवली. आता घोडा पडला तरी बार उडणार नव्हता.

बंदुका पोचवायला त्यालाच बोलावलं. देशमुखांच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाल्याकडून येणाऱ्या पायवाटेशी, वामनरावांनी त्यातली एक बंदूक खुंटीला बांधली. नळीचं तोंड बाईच्या गुडघ्याइतक्या उंचीवर होतं. खुशालराव खुर्चीवर बसले होते. पंचावन्नचं वय, आवाज मऊ.

"मिस्तरी, काम चांगलं केलं म्हणतात तुमी. काडतूस भरलं हाये. त्या सुतळीवरून चालून दाखवा बरं."

बाया वेचता वेचता थांबल्या. चंद्रभाननं एकदा बंदुकीकडे पाहिलं आणि चालू लागला. सुतळी पोटरीला लागली, घोडा पडला, नुसता टक् झाला. तो पलीकडे जाऊन उभा राहिला.

खुशालराव हसले. "वामनराव, पाह्यलं? भरल्या बंदुकीसमोरून माणूस देवळात चालावं तसा चालला. ज्याले ठाऊक नाही का बार उडत नाही, तो पाय धरन, रडन, मुतन. ह्यानं इचारलंबी नाही, का मालक, काहून?"

आपण घाबरायला हवं होतं, हे चंद्रभानच्या तेव्हा ध्यानात आलं.

"मालक, बायामाणसं हायेत..." एवढंच तो बोलला.

"माह्या वावरात कोन हाये ते मले ठाऊक हाये."

वामनरावांनी त्याचा उजवा हात धुऱ्यावरच्या दगडावर दाबून धरला. खुशालरावांनी बंदूक सोडवून घेतली, काडतूस काढून खिशात ठेवलं आणि बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा अंगठा आणि पहिलं बोट ठेचलं. एकदा नाही, चारदा. मग धोतराच्या सोग्यानं दस्ता पुसला आणि बायांना म्हणाले, "चाला, हात चालवा."

एकीनंही मान वर केली नाही.

खिळी अकोल्याच्या एका मिस्तरीनं बदलून दिल्या. पौषात पार्बताबाई नावाची विधवा त्याच वाटेवर बंदुकीच्या बारात सापडली. अमरावतीच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. मनकर्णाच्या बहिणीकडून कळलं तसा चंद्रभान तिला भेटायला गेला. हात अजून फडक्यात होता.

"मी बंदुकीवाला," तो म्हणाला. "मी खिळी झिजवल्या होत्या."

पार्बताबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. "म्या पाह्यलं होतं तुले त्या दिवशी. मले वाटलं, आता बंदूक उडत नाही. मनून तर मी त्या वाटेनं गेली."

चंद्रभानला बसायला काही मिळेना. तो भिंतीशी टेकून राहिला.

खटला झाला, तो पार्बताबाईवरच. कापसाची चोरी. खुशालराव स्वतः न्यायाला बसले नाहीत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एरवी बसणारे दुसरे मानद मॅजिस्ट्रेट बसले. चंद्रभान आपणहून साक्षीला उभा राहिला. कडी, सुतळी, नळीची उंची, सगळं त्यानं सांगितलं. देशमुखांच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला.

"या बंदुकांचे चाप इतके हलके कोणी केले?"

"म्या."

"बस, इतकंच," वकील म्हणाला आणि कारकुनानं ते लिहून घेतलं.

डुकरांसाठी लावलेल्या बंदुकीचा चाप मिस्तरीनं निष्काळजीपणे हलका ठेवला, म्हणून अपघात झाला, असं निकालात आलं. चंद्रभानचा दुकानाचा परवाना गेला. पार्बताबाईला पंधरा दिवसांची कैद झाली. कुबडी अजून बनली नव्हती, म्हणून दोन शिपायांनी तिला काखेत धरून नेलं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती एका पायानं उड्या घेत होती, आणि प्रत्येक पायरीवर खालचा शिपाई मोठ्यानं म्हणत होता, "लवकर, लवकर."