मार्गशीर्षातला केक

मी केक बोलतोय. आवाज दबका येत असेल, कारण माझ्यावर पत्र्याचं झाकण आहे आणि उंदरांच्या भीतीने झाकणावर वरवंटा ठेवलाय. किन्हवलीतल्या एका घराच्या पडवीत, भाताच्या पोत्यांशेजारी मी महिनाभर असा बंद आहे. बाहेरचं दिसत काही नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

माझा जन्म कुकरमध्ये झाला. शिट्टी काढलेली, रिंग काढलेली, तळाला मीठ पसरलेलं. दर्शनाचा तो पहिलाच केक. तिला तेव्हा सातवा महिना लागला होता. शहापूरच्या रस्त्याला एसटीत फार धक्के बसतात, म्हणून तिला घराबाहेर जायची बंदी होती. फार तर फिलू सिस्टरांच्या खोलीपर्यंत. ती खोली चार घरं सोडून.

फिलू सिस्टर मूळच्या वसईच्या. चाळीस वर्षं त्यांनी या गावात बाळंतपणं केली, निवृत्त झाल्या तरी इथेच राहिल्या. दर नाताळात स्वतः केक करून घरोघर तुकडे पाठवायच्या. यंदा गणपतीनंतर त्या मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. त्यांच्या कपाटात बरणीभर मनुका, खजूर आणि संत्र्याच्या साली रममध्ये भिजत होत्या. ती बरणी त्यांनी दर्शनाच्या हाती दिली. म्हणाल्या, फळं वाया जाऊ देऊ नकोस, तूच कर.

दर्शनाने मला कार्तिकाच्या शेवटच्या शनिवारी भाजलं. दोन दिवसांनी मार्गशीर्ष लागला आणि तिच्या सासूबाई, कमळबाई, डब्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"यात अंडी हायत ना? मग महिनाभर हा डबा उंबऱ्याच्या आत नाय."

दर्शनाने मला उचललं आणि पडवीत आणून ठेवलं.

तेव्हापासून माझे दिवस अंधारात गेले. आठवड्यातून एकदा झाकण निघायचं, दर्शना माझ्यावर बरणीतल्या उरलेल्या रसाचे दोन चमचे शिंपडायची आणि झाकण पुन्हा बसायचं. तेवढाच उजेड. त्या उजेडात तिचं तोंड दिवसेंदिवस उतरलेलं दिसायचं. मी तयार होतो, पण वरून उघडा, काळपट, एका कडेला करपलेला. असा केक सिस्टरांपुढे कसा न्यायचा? आयसिंग हवंच होतं. कुठलं, ते तिला ठरवता येईना.

सिस्टर नेहमी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं लावायच्या, सुकल्यावर चुन्यासारखं कडक होणारं. ते या घरात, या महिन्यात शक्यच नव्हतं. मग तिने नवऱ्याकडून, भावेशकडून, शहापूरहून क्रीमचा डबा मागवला. तो बाइकच्या डिकीत तापून आला. तिने रवीने तासभर घुसळलं, तरी ते ताकासारखंच राहिलं. पुढच्या वेळी लोणी आणि पिठीसाखर. ती शहाणी, प्रयोग माझ्यावर करत नव्हती, पालथ्या वाटीवर करायची. सकाळी वाटी सुंदर दिसतेय, असं ती स्वतःशीच म्हणाली. दुपारी उन्हं पडवीत आली आणि सगळं घसरून ताटलीत जमा झालं. मुंग्यांची रांग माझ्या डब्यापर्यंत आली.

फोनवर केक शिकवणाऱ्या बाई मोठ्या गोड आवाजात सांगत होत्या, आवडेल ते आयसिंग निवडा. दर्शनाने फोन बंद केला आणि पोत्याला टेकून रडायला लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी डब्यात, ती पडवीत. दोघांनाही कुठे जाता येत नव्हतं.

कमळबाई धान्य पाखडत होत्या. सूप थांबल्याचं मला कळलं. त्यांनी विचारलं, एवढं काय झालं रडायला? दर्शनाने पहिल्यांदाच मन मोकळं केलं. म्हणाली, नाताळ झाला की सिस्टरांची भाची त्यांना वसईला घेऊन जाणार, खोली सोडणार. पुन्हा काही त्या इकडे यायच्या नाहीत. एक केक मला धड करता येत नाही.

सूप खाली टेकल्याचा आवाज आला. मग कमळबाई खालच्या आवाजात बोलू लागल्या.

"भावेशच्या टायमाला तीन दिवस कळा देत व्हते मी. सगळ्यांनी आशा सोडली व्हती, सिस्टरनं नाय सोडली. दर नाताळाला तिचा केक येतो, मी तो पोरांना वाटून टाकते. कधी उपास, कधी मार्गशीर्ष. तीस वर्षं झाली, चव कशी ती ठाव नाय मला."

आणि थोड्या वेळाने, "काजू हायत का गो घरात?"

काजू होते, दर्शनासाठीच आणलेले. कमळबाईंनी ते कुटून चाळले. चुलीवर साखरेचा पाक ठेवला, दोन बोटांत धरून तार बघितली, काजूची पूड घालून गोळा मळला आणि तुपाचा हात लावून प्लास्टिकवर थोरली पोळी लाटली. हे मी वासावरून आणि आवाजावरून सांगतोय. त्यांनी व्रत मोडलं नाही. मला हातही लावला नाही. पोळी परातीत घालून उंबऱ्याच्या आतून पुढे केली आणि बाहेर बसलेल्या दर्शनाला सांगत राहिल्या, आधी गुळाचं पाणी लाव, मग मधून टाक, कडेने दाब, ओढू नको. पोळी एका बाजूला जाड बसली, एका ठिकाणी फाटली, तिथे तिने ठिगळ लावलं. वर पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाने पांढरे ठिपके काढले.

पंचवीस तारखेला सासू-सुना मला घेऊन निघाल्या. सिस्टर पडल्यापासून कमळबाई त्यांच्याकडे फिरकल्या नव्हत्या, असं मला त्या दिवशी समजलं. सिस्टरांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक घास खाल्ला, डोळे मिटून चावत राहिल्या. म्हणाल्या, "वरून बर्फी आहे आणि आतून माझाच केक." त्यांनी दुसरा तुकडा मागितला. मग कमळबाईंकडे वळून म्हणाल्या, "तुझा वाटा वेगळा काढ. अमावस्या झाली की खा. आणि या खेपेला पोरांना देऊ नकोस. कसा लागला ते मला फोन करून सांग."

सुरी माझ्यावर फिरली तेव्हा दुखलं नाही. इतके दिवस कोंडल्यावर मोकळी हवा लागली, तेच खूप होतं. दुपारपर्यंत मी गावभर वाटला गेलो.

उरला हा एक तुकडा, तोच तुमच्याशी बोलतोय. पुन्हा त्याच डब्यात, त्याच पडवीत. रविवारी सिस्टरांची गाडी गेली. त्यांना झोपवूनच न्यावं लागलं. कमळबाई रस्त्यापर्यंत गेल्या, परत येऊन पोत्यांपाशी नुसत्या बसल्या. मग त्यांनी दर्शनाकडून पडवीच्या भिंतीवर खडूने सिस्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. आजवर त्यांनी स्वतः कोणाला फोन लावलेला नाही. आज संध्याकाळी त्या आकड्यांवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचत होत्या. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमलं.

उद्या अमावस्या. परवा सकाळी झाकण निघेल. माझं काय व्हायचं ते ठरलेलं आहे, त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. कमळबाई, मला खाल्लंत की हात धुवायलाही थांबू नका, आधी फोन लावा. सिस्टरांना नुसतं छान होता म्हणू नका. पोळी एका बाजूला जाड झाली होती आणि कडेला करपट लागलं, तेही सांगा. त्या खाटेवर पडल्या पडल्या हसतील.