केयाचं मत

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लुडविग्सहाफेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात निवडणूक जाहीर झाली. मतदान दुपारी चार ते पाच, मतदार चार, मतपेटी म्हणून पोळ्यांचा स्टीलचा डबा.

प्रश्न एकच होता. अठरा वर्षांच्या तनयाला राज्यशास्त्र शिकायचं होतं आणि दोन विद्यापीठांनी तिला जागा देऊ केली होती, मनहाइमने आणि लाइपझिगने. दोन्हीकडची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. सहाच्या आत एका ठिकाणी होकाराचं बटण दाबलं नाही, तर दोन्ही जागा यादीतल्या पुढच्यांना मिळणार होत्या.

मनहाइम म्हणजे नदीपलीकडचं. पूल ओलांडला की आलंच, ट्रामने दहा मिनिटं. लाइपझिग चांगलं पाच तास लांब, आणि तनयाला तेच हवं होतं. मे महिन्यात ती तिथलं विद्यापीठ बघायला गेली, तेव्हा एका वर्गात दोन विद्यार्थ्यांनी प्राध्यापकबाईंना असं कोंडीत पकडलं की बाई खूश होऊन टेबलावरच बसल्या. तनया परत आली खरी, पण मन तिथेच सोडून.

तिचे वडील कपिल केमिकल कारखान्यात इंजिनियर. त्यांनी आठवडाभर खपून एक्सेलमध्ये तक्ता केला होता. बारा निकष, प्रत्येकाला वजन. त्यात ‘घरचं जेवण’ या निकषाला पंचवीस टक्के.

“मनहाइम एक्क्याऐंशी, लाइपझिग चोपन्न,” ते म्हणाले. “आल्झो, म्हणजे विषय संपला.”

“बाबा, वजनं कोणी ठरवली?”

“मी.”

“म्हणजे निकालही तूच ठरवलास. मला गुप्त मतदान हवंय. निकाल येईल तो मी मानेन, पण तक्ता नाही मानणार.”

“मग पुण्याहून राजनकाकालाही व्हिडिओवर मत देऊ दे,” कपिल म्हणाले. राजनकाका मनहाइमच म्हणणार हे सगळ्यांना पाठ होतं.

“नाही! फोनवरून मत नाही. समोर येऊन डब्यात चिठ्ठी टाकेल तोच मतदार.”

“लिहितो,” आजोबा म्हणाले. “नियम तिसरा.”

आजोबा, म्हणजे कपिलचे वडील विष्णुपंत, शिरोळ तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे एकतीस वर्षं सचिव होते. सहा निवडणुका त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. तीन महिन्यांसाठी जर्मनीला येऊन दुसऱ्याच आठवड्यात कंटाळलेला हा माणूस निवडणूक अधिकारी म्हणताच ताठ बसला. बरोबरी झाली तर चिठ्ठ्या टाकून निकाल, हा चौथा नियम त्यांनी स्वतःच घातला.

तनयाने गणित मांडलं. बाबा मनहाइम. आई, मुक्ता, प्रयोगशाळेत काम करायची आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत तोंड उघडायची नाही, त्यामुळे ती प्रश्नचिन्ह. आपण स्वतः लाइपझिग. राहिली बारा वर्षांची केया. ती मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. आजचं तिचं उत्तर होतं, “इश विल दास त्सिमर.” ताई गेली की तिची खोली हवी. याहून पक्कं मत कुठे मिळणार?

साडेनऊला बाल्कनीतून कपिलचा आवाज आला. “केया, ताई इथेच राहिली, तर हॅमस्टरचा विचार करता येईल हं.”

तनया धावत आजोबांकडे गेली. “आजोबा, बाबा मतदार फोडतोय! तुमच्याकडे काय करायचे अशा वेळी?”

“तुला सांगून मी पक्षपाती ठरेन, पोरी.” आजोबांनी चष्मा पुसला. “आता सर्वसाधारण ज्ञान म्हणून सांगतो. आमच्याकडे असल्या मतदारांना सहलीला न्यायचे. गोवा, गणपतीपुळे. आणायचे ते थेट मतदानाच्या वेळी.”

“तुम्हाला कौमुदीआत्याकडे जायचं होतं ना?”

“जायचं तर होतंच,” अधिकारी म्हणाले.

दहाच्या गाडीने आजोबा आणि केया बाड हॉम्बुर्गला, आत्याकडे रवाना झाले. चारच्या आत परत यायचं ठरलं होतं. तनयाने स्टेशनवर हात हलवला आणि विजयी मुद्रेने घरी आली. कपिल शांतपणे कांदा चिरत होते. त्यांच्या शांतपणाचा तिला संशय यायला हवा होता.

चार वाजून वीस मिनिटांनी आजोबांचा फोन आला. परतीची गाडी बिब्लिस नावाच्या स्टेशनात उभी होती. पुढे सिग्नलचं काम. किती वेळ, कोणाला ठाऊक नव्हतं.

“केयाचं मत फोनवर घ्या ना,” तनया म्हणाली आणि जीभ चावली.

“नियम तिसरा,” कपिल आता संध्याकाळच्या भाजीवरून मान न उचलता म्हणाले. “गेनाऊ, अगदी तुझाच.”

पाचला दहा कमी असताना डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या होत्या. मुक्ताने आपली चिठ्ठी चार घड्या घालून टाकली आणि डब्याला सकाळी ठरल्याप्रमाणे चिकटपट्टी लावली.

“आई, कुठलं लिहिलंस? इशारा तरी दे.”

“गुप्त म्हणजे गुप्त. कूकर बंद कर.”

पाच वाजता कपिलनी मतदान संपल्याचं जाहीर केलं. तनयाने आजोबांना फोन लावून तो स्पीकरवर टाकला. “आजोबा, वेळ संपताना जो रांगेत उभा असतो, त्याला मत देता येतं की नाही?”

“येतं. तसा नियमच आहे.”

“मग रांग बिब्लिसपर्यंत गेलीय.”

“अण्णा, हा शुद्ध चावटपणा आहे!” कपिल वडिलांवर ओरडले.

फोनमधून नियमांचा कागद उलगडल्याचा आवाज आला. मग आजोबा म्हणाले, “रांगेत खुद्द अधिकारीच उभा आहे. रांग धरावी लागेल. मी येईपर्यंत डबा कोणी उघडायचा नाही.”

“अहो, पण सहाला मुदत संपतेय,” मुक्ता म्हणाली. एरवी ती नवऱ्याला कपिलच म्हणायची, सासरे ऐकत असले की अहो.

“गाडी हलली बघा,” आजोबा म्हणाले, आणि त्याच वेळी मागून केयाचा आनंदाने फाटलेला आवाज आला, “तनया! वीर हाबेन आइनेन हामस्टर!”



“आपल्याकडे हॅमस्टर आहे म्हणजे काय?” तनयाने विचारलं.

“आत्याच्या शेजाऱ्यांकडे पिल्लं झाली होती,” फोनमधून आजोबा म्हणाले. “कौमुदीने पिंजऱ्यासकट दिलं. म्हणाली, दादाचा सकाळी अकराला फोन आला होता.”

तनयाने वडिलांकडे पाहिलं. ते टेबल पुसत होते. टेबल स्वच्छच होतं.

“आजोबा, केया आता कोणाच्या बाजूची आहे?”

“सहलीला नेलेला मतदार कोणाचा होऊन परत येतो, ते डबा उघडल्यावरच कळतं, पोरी. आमच्या दोन अध्यक्षांना तेव्हाच कळलं.”

पाच चाळीसला ते मनहाइमला उतरले. पाच सत्तेचाळीसला ट्रामने पूल ओलांडला. तनयाने लॅपटॉप उघडून डाव्या बाजूला मनहाइमचं पान लावलं, उजवीकडे लाइपझिगचं. बटण तिचं होतं, आताच दाबलं असतं तर अडवणारं कोणी नव्हतं.

“दाब की,” कपिल हळूच म्हणाले. त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता. “मी काय पोलीस बोलावणार आहे?”

“निकाल मानेन म्हटलंय मी.”

मुक्ताने डबा उचलून लॅपटॉपशेजारी आणून ठेवला आणि कोरी चिठ्ठी आणि पेन काढून ठेवलं.

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी खालची बेल वाजली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती, म्हणून केया जिन्याने निघाली. हॅमस्टरचा पिंजरा तिच्या हातात होता. आजोबा एक मजला मागे होते. दोन्ही पानांवर जागा अजून खुल्या होत्या.