गाईड सरांचा घोट

"गिळलंत! पुन्हा गिळलंत!" बायकोने हातातला चमचा सरांवर रोखला. "मी उत्तर देईपर्यंत पाणी तोंडातच ठेवायचं, असं ठरलंय ना आपलं?"

"तू फार वेळ लावतेस," सर म्हणाले.

"लावणारच! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्रश्न विचारून तुम्ही गप्प बसलात ते आज पहिल्यांदा. जरा विचार करू द्या की मला."

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मुलं त्यांना 'गाईड सर' म्हणत, कारण बाजारातल्या गाईडसारखा प्रश्नही त्यांचाच आणि त्याखाली उत्तरही त्यांचंच. "असं का होतं? तर असं होतं, की..." या दोहोंच्या मध्ये त्यांनी कधी श्वाससुद्धा घेतला नव्हता. कुणी चुकून हात वर केलाच, तर सर "हो, जाऊन ये" म्हणत आणि पुढे चालू लागत. बिचारी मुलं मग निमूटपणे बाहेर जाऊन येत.

पण कॉलेजात नव्या प्राचार्यबाई आल्या आणि म्हणाल्या, वर्गात मुलांनी बोललं पाहिजे. त्या सरांच्या तासाला स्वतः येऊन बसणार होत्या. मुलं बोलली नाहीत, तर शेवटच्या वर्षाचा वर्ग एका तरुण मास्तरांकडे जाणार आणि सर परीक्षा विभागात बसून पाकिटांवर शिक्के मारणार. सरांची झोप उडाली. शिकवणं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. शेवटी बायकोनेच तोडगा काढला. प्रश्न विचारायचा, लगेच पाण्याचा मोठा घोट घ्यायचा आणि कुणीतरी उत्तर देईपर्यंत गिळायचा नाही.

तासाला प्राचार्यबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. सरांनी फळ्यावर नेहमीचं लिहिलं, बाटली उघडली आणि विचारलं, "भाव वाढला तरी माणूस काही वस्तू घेतच राहतो. असं का?"

घोट घेतला. गाल फुगले.

मुलं पेन सरसावून बसली. उत्तर आता येईल, मग येईल, अशी सगळ्यांनी वाट पाहिली. सरही पाहत होते. तयार उत्तर त्यांच्या घशाशी येऊन धडका मारत होतं.

"सर, दाढ दुखतेय का?" पुढच्या बाकावरून काळजीचा आवाज आला.

सरांनी जोरजोरात मान हलवली.

"रिक्षा बोलावू का सर?"

सरांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो खालीच बसला. कुणीतरी फिसकन हसलं. गेला, वर्ग हातचा गेला, असं सरांना वाटू लागलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी बोलली. तिचा आवाज सरांनी आजवर ऐकला नव्हता.

"औषध, सर. बाबांचं औषध महाग झालं, तरी आणावंच लागतं. मग आम्ही भाजी कमी आणतो."

सरांनी पाणी गिळलं. 'आवश्यक वस्तूंची मागणी ताठर असते' हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. घाबरून त्यांनी नुसतं "मग?" एवढंच विचारलं आणि चटकन दुसरा घोट घेतला.

"मग काय मग?" मधल्या रांगेतला एक आडदांड मुलगा उठला. "माझी आई भाजी विकते. तुम्ही सगळ्यांनी भाजी कमी आणली, तर आम्ही काय खायचं?"

वर्ग हसला आणि मग हसायचा थांबला. "अरे, पण औषध कसं थांबवणार?" "सरकारने भाव बांधून द्यावेत." "बांधून दिले तर दुकानदार माल दडवेल, वेड्या!" बघता बघता वर्गात बाजार भरला. सरांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते घोटामागून घोट घेत राहिले आणि बाटली संपली. तास संपल्याची घंटा झाली, तशी मुलं भांडत भांडतच बाहेर पडली.

"वर्ग तुमच्याकडेच राहील, सर," प्राचार्यबाई म्हणाल्या. "पण समारोप तेवढा राहिला."

"हो, राहिला," सर म्हणाले.

समारोप त्यांना तोंडपाठ होता. फक्त त्यात भाजीवाली कुठेच नव्हती. सरांना मनापासून आनंद झाला होता, आणि कुणीतरी तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाईटही वाटत होतं. ते चालत मागे गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. तिथून फळ्यावरचं त्यांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

त्याच बाकावरची ती मुलगी विसरलेली पिशवी न्यायला आली आणि सरांना तिथे बघून दारातच थबकली.

"तुला इथून फळा वाचता येतो?" सरांनी विचारलं.

"नाही सर. पण तुम्ही सगळं बोलूनच दाखवता, म्हणून चालून जायचं." तिने पिशवी उचलली. "आता तुम्ही बोलणार नसाल, तर पुढे बसावं लागेल मला."

ती गेल्यावर सर उठले. त्यांनी फळा पार कोपऱ्यांपर्यंत पुसला आणि शेवटच्या बाकावरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं : औषध महागलं, तर भाजीवालीचं काय होतं?

खाली उत्तर लिहायला त्यांनी खडू टेकवला. बराच वेळ तसाच टेकवून ठेवला. मग हात झटकले आणि ते घरी निघाले.